एका पानाची पंगत

"...आणि सगळ्यात खाली काय?" अक्कांनी विचारलं.

"ज्वारी," नीला म्हणाली. "सगळ्यात मोठं मडकं ज्वारीचं. आपलं मुख्य अन्न, म्हणून तळाला."

"त्याच्यावर?"

"डाळी. तूर, मटकी, हुलगे. त्यावर भाज्या. अंबाडी, चुका, शेवगा. मग शेंगदाणे, जवस, कारळं. मग दही-ताक. आणि सगळ्यात वर हे एवढंसं बोळकं, गुळाचं."

"बोळकं छान काढलंस."

नीलाला बरं वाटलं. मग लगेच वाटलं, फक्त बोळकंच?

मठाच्या ओसरीत घोंगडीवर तक्ता पसरला होता. वारा होता, म्हणून एका कोपऱ्यावर दगड ठेवला होता, दुसऱ्यावर अक्कांच्या चष्म्याचं घर. उरलेले दोन कोपरे नीलाने गुडघ्याखाली दाबले होते. मांडीवर तान्ही लेक, चिन्नू, होती.

तक्त्याची हकीकत अशी. नीला सोलापुरातल्या एका संस्थेत चित्रं काढायचं काम करी. संस्थेचे साहेब कसल्याशा परिषदेला परदेशी गेले आणि येताना एक त्रिकोण घेऊन आले. भूमध्य समुद्राकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या काय खात आली, ते त्या त्रिकोणात रंगवलेलं होतं. तळाला धान्यं नि भाज्या, मग कडधान्यं, ऑलिव्हचं तेल, मासे, आणि शेंड्यावर चिमूटभर मिठाई.

"बघा मॅडम, एका चित्रात अख्खी परंपरा!" साहेब म्हणाले होते. "ती माणसं म्हातारपणी डोंगर चढतात म्हणे. आपल्या भागाचं असं करा. अंगणवाड्यांत लावू. बायकांना कळलं पाहिजे, घरात काय काय सोनं आहे ते."

नीलाने त्रिकोण ठेवला नाही. तिने उतरंड केली. एकावर एक मडकी, खाली मोठं, वर लहान. हे तिला भाजी फोडणीला टाकताना सुचलं होतं, आणि सुचल्यावर ती इतकी हरखली की भाजी करपली.

त्या परदेशी त्रिकोणाच्या अगदी बुडाशी, धान्याच्याही खाली, माणसं काढलेली होती. लांब मेजाभोवती बसून जेवणारी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट हसणारी. ती नीलाने गाळली. मडक्यांत माणसं कुठे बसवणार?

साहेब खूश झाले. तक्ता छापायला जायचा होता. त्याआधी मठ चालवणाऱ्या अक्कांनी एकदा डोळ्यांखालून घालावा, बरं म्हणावं, आणि पहिला तक्ता मठाच्या दासोहात लागावा, एवढ्यासाठी ती आली होती. दासोह म्हणजे मठातलं रोजचं अन्नदान. येईल त्याला जेवू घालतात. अक्कलकोटच्या वाटेवरचं हे गाव नीलाचं आजोळ. सुट्टीत आली की ती याच ओसरीत अक्कांपुढे बसून पाटीवर चित्रं काढायची. तेव्हाही अक्का कौतुकात हात आखडता घेत.

एवढ्यासाठीच आले, असं ती येताना बरोबर निघालेल्या सासूबाईंनाही म्हणाली होती.

चिन्नू किरकिरली.

"हिचं काय?"

"काही नाही. भूक लागली असेल."

नीलाने तिला पदराआड घेतलं. पोरीने ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग तोंड फिरवून रडायला लागली. रडणंसुद्धा बारीक, दाराची बिजागरी करकरावी तसं.

"येत नाही?"

नीला तक्त्याकडे बघत राहिली.

"येतं." मग थोड्या वेळाने, "कमी येतं."

अक्कांनी हात पुढे केला. पोर मागितली असं वाटून नीला तिला द्यायला गेली, तर अक्कांनी नीलाचंच बोट धरलं. नख दाबलं. सोडलं. पांढरं नख किती वेळ पांढरंच राहतं ते बघत बसल्या.

चिन्नू पाच महिन्यांची होती आणि तिच्या वजनाचा काटा दोन महिने जागचा हलला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटसुलट तपासलं. पोरीत काही खोट नाही म्हणाल्या. मग चष्म्यावरून नीलाकडे बघत विचारलं, आई नीट जेवते ना?

"हो तर! मी आहाराचंच काम करते," नीला म्हणाली होती.

डॉक्टरीणबाईंनी डब्याचं दूध लिहून दिलं. त्याने पोरीचं पोट बिघडलं. परवा पुन्हा गेली तेव्हा त्या हसल्या नाहीत. येत्या सोमवारी वजन वाढलेलं दिसलं नाही तर हिला दाखल करून घ्यावं लागेल, म्हणाल्या. नळीवाटे पाजू. हे नीलाने नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. स्वतःला दोन्ही रात्री सांगत होती.

"सगळं करून बघितलं, अक्का. अळीव आणले. शतावरी आणली. डिंकाचे लाडू केले."

"केलेस. खाल्लेस?"

"ते... पाहुणे आले होते."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. नीलाच्या सासूबाई आल्या आल्या कमरेला पदर खोचून मठाच्या चुलीपुढे जाऊन बसल्या होत्या. पाहुणी म्हणून नुसतं बसून राहणं त्यांना जमत नसे.

"काल काय जेवलीस?"

"काल..." हे सोपं होतं. नीलाचा आवाज जरा चढला. "भाकरी, मेथीची भाजी, मुगाची आमटी, जवसाची चटणी. अगदी तक्त्याबरहुकूम!"

"हे रांधलंस. जेवलीस काय?"

नीला हसली. मग आठवायला लागली.

नवऱ्याच्या डब्यात मेथी दिली. सासऱ्यांना आमटी अळणी लागली, वरून मीठ दिलं. दिराला भाकरी नको होती, त्याची पोळी केली. सासूबाईंना ताकात कालवून दिलं. चिन्नू उठली, तिला घेतलं. निजवली. ओटा पुसला. मग कढईला लागलेली मेथी भाकरीच्या तुकड्याने निपटून... ते काल, की परवा? तुकडा तरी होता का?

"आठवत नाही," ती म्हणाली.

आणि स्वतःच दचकली. घरातल्या प्रत्येकाच्या ताटातलं तिला आठवत होतं. कोणी काय टाकलं, तेही.

"सांग की. बुद्धी तल्लख होती तुझी."

"बाळंतपणाने विसराळू झालेय, अक्का. दुसरं काय." तिने हसून न्यायचा प्रयत्न केला. तो काही साधला नाही.

अक्का तक्त्यावर वाकल्या. तळाच्या काळ्या मडक्यावर बोट ठेवलं.

"यातलं काढायचं असलं तर काय करतेस?"

"वरची सगळी उतरवायची. एकेक करून."

"आणि सगळी उतरेपर्यंत?"

"थांबायचं..."

"हं."

चिन्नू रडून दमली आणि मूठ चोखत पडून राहिली.

"माझ्या आईच्या घरी ही सगळी मडकी होती," अक्का म्हणाल्या. "भरलेली."

"मग?"

"मग काय. मी मठात वाढले. आणून घातलं तेव्हा हिच्याएवढी होते."

नीला लहानपणापासून ऐकत आली होती, अक्कांची आई बाळंतपणानंतर खंगून गेली. घर चांगलं खातंपितं होतं, हेही ऐकलं होतं. या दोन गोष्टी तिने कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

तिने तक्त्यावरून गुडघे उचलले. तक्ता आपोआप गुंडाळला गेला.

"अक्का, तक्त्याचं राहू द्या. भस्म लावा हिला. मला काहीतरी द्या. तुम्ही सांगाल ते व्रत करीन, उपास करीन. पण सोमवारी..."

"उपास करतेस?" अक्कांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच हसल्या, आणि ते हसू नीलाला मुळीच आवडलं नाही. "चल. जेवणाची घंटा झाली."

दासोहाचा सोपा लांबलचक होता. शेणाने सारवलेला, गार. भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'इथे लहानमोठं कोणी नाही.' त्याच भिंतीखाली आधी पुरुष बसत, कारण त्यांना शेतावर जायचं असे. मग पोरं, कारण पोरांना दम नसतो. मग बाया. मग चुलीपुढच्या बाया आणि त्यांच्याबरोबर अक्का. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. आणि भिंतीवरचं कोणी पुसलंही नव्हतं.

पुरुषमंडळी हात धुऊन उंबऱ्याशी उभी होती. नीलाने सवयीने पदर खोचला आणि भाकरीची पाटी उचलायला वाकली.

"ठेव ती," अक्का म्हणाल्या.

त्यांनी गठ्ठ्यातून एक पत्रावळ काढली. सोप्याच्या मधोमध मांडली. पाणी शिंपडलं. शेंगांची चटणी वाढली, दोन बोटं मीठ, वांग्याची भाजी, द्रोणात डाळ, आणि वर एक कडक भाकरी. पापडासारखी वाजणारी, आठवडाभर टिकणारी. चिन्नूला नीलाच्या कडेवरून काढून आपल्या कडेवर घेतलं.

"बस."

"मी?... नंतर बसते की, अक्का. सगळ्यांबरोबर."

"बस म्हटलं ना."

नीला बसली. पाट नव्हता, तरी पाटावर बसवल्यासारखी अवघडून.

उंबऱ्यातून रेवप्पाने मान आत घातली. गावातला जुना माणूस, कुणाला काही बोलायला भिडभाड नसलेला.

"अक्का, पत्रावळी संपल्या काय?"

"हाईत की."

"मग आमची?"

"आज आधी एका पानाची पंगत. ही जेवून उठली की तुमचं."

मागून कोणीतरी म्हणालं, "डोहाळजेवण हाय वाटतं!"

"आरं, डोहाळे कशाचे! पोर झाल्याली हाय की."

"मग उष्टावण आईचंच दिसतंय."

हशा पिकला. नीलाचे कान तापले. तिने भाकरीचा तुकडा मोडला. तो काटकी मोडावी तसा वाजला.

"उरक गं माय लौकर," रेवप्पा म्हणाला. "भूक लागलीया. सकाळधरनं पोटात काय न्हाई. म्हशीची वैरण-पाणी करण्यात येळ गेला."

"म्हशीला आधी घालून आलास?" अक्कांनी विचारलं.

"मग! माझं मागनं झालं तरी चालतंय. ती दूध देती की, अक्का."

तो हसला. आजूबाजूला बघितलं. कोणी हसलं नव्हतं. मग त्याने अक्कांच्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं, पत्रावळीपुढच्या बाईकडे बघितलं, आणि टोपी काढून हातात धरली. उगीचच. पुन्हा घातली.

नीलाने घास तोंडात ठेवला.

तिला वाटलं होतं, आयतं समोर आलेलं, गरम वाढलेलं ताट म्हणजे सुख. कित्येकदा ओट्याशी उभ्या उभ्या ती या सुखाचं चित्र मनात काढायची. आता तोंडात वांगं होतं आणि त्याची चव लागत नव्हती. चाळीसेक माणसांची भूक तिच्या पाठीवर बसली होती. पोरं खांबाला टेकून टुकूटुकू बघत होती. प्रत्येक घास तिला कुणाच्या ना कुणाच्या ताटातून उचलल्यासारखा वाटत होता.

आतून सासूबाई आल्या. हात पिठाचे.

"हे काय, अक्का?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "असं कुठं असतं का? बाप्ये माणसं दारात ताटकळलीत, आन् आमची सून एकलीच... गावात काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"नीला, उठ गं."

नीला अर्धी उठली. अक्का पत्रावळीकडे बघत होत्या. मठात उठलेल्या माणसाचं पान पुन्हा मांडत नाहीत. लगेच उचलून गायरीत, खताच्या खड्ड्यात टाकतात.

ती बसली. पण सुटकेची एक वाट तिला दिसली, आणि ती जवळजवळ आनंदाने म्हणाली, "आत्या, तुम्हीच बसा ना इथं. सकाळपासून नुसत्या चहावर आहात. मी भाकरी बघते."

"मला कुठली आलीय भूक!" सासूबाई म्हणाल्या.

नीलाचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

नीला त्यांच्याकडे बघत राहिली. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शब्द तेच, झटका तोच, शेवटी मान उडवणंही तेच. काल दुपारी नवऱ्याने फोनवर जेवलीस का विचारलं तेव्हा तिने स्वतः हेच म्हटलं होतं. फक्त हा आवाज म्हातारा होता. आपला होईल तेव्हा असाच होईल.

सासूबाईंनाही काहीतरी ऐकू आलं असावं. त्या आपल्या पिठाच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

"वजन भरत नाही हो पोरीचं," नीला म्हणाली. सगळ्यांसमोर. हे इथे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. "सोमवारपर्यंत बघणार आहेत. नाहीतर दवाखान्यात ठेवायचंय, आत्या."

"आन् मला आत्ता सांगतीस?"

"तुम्हाला घोर नको म्हणून..."

"घोर," सासूबाई म्हणाल्या. "मला घोर नको, त्यांना ताप नको, ह्याला उशीर नको..." त्या थांबल्या. उंबऱ्यातली माणसं पायांकडे बघत होती. "माझ्या येळेला थोरलीला असंच..." एवढंच म्हणाल्या.

नीलाला थोरली नणंद नव्हती. नवरा सगळ्यात थोरला, हेच तिला माहीत होतं.

सासूबाई आत गेल्या. नीलाला वाटलं, संपलं. आता त्या चुलीपुढून उठायच्या नाहीत, घरी गेल्यावरही बोलायच्या नाहीत. पण त्या ताकाचं पातेलं घेऊन परत आल्या. तिच्याकडे न बघता वाकल्या, वाटी काठोकाठ भरली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाकीच्यांसारख्याच. वाट बघत.

चिन्नू पुन्हा रडायला लागली. तेच बारीक, करकरणारं रडणं. नीलाचा हात आपसूक पुढे गेला.

"द्या इकडे. तिला घेते आधी."

"तिला काय देणार आहेस?"

नीलाचा हात तसाच राहिला. मग पत्रावळीकडे वळला.

तिने भाकरी मोडली. घास केला. चावला, पुन्हा पुन्हा चावला. उंबऱ्याशी कोणाचं तरी पोट गुरगुरलं आणि या वेळी त्यावर कोणी विनोद केला नाही. ऊन सोप्यात येऊन पुन्हा मागे सरकलं होतं. माणसं खाली बसली नव्हती, परत गेली नव्हती. भाकरीचा कोपरा तिच्या घशात रुतून बसला. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं, हे तिला कळेना.

"अक्का..."

"हं."

"घशाखाली उतरत नाही हो. सगळे उपाशी उभे आहेत. बघतायत माझ्याकडे..."

अक्कांनी चिन्नूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. रडू दिलं.

"लाज कडकच असते, पोरी. ताकात भिजव आणि गिळ."